सोनूबाईचा ओचा

“खांबावर कुनाचा तरी पोर हाय, ह्ये धरून चाला.”

सोनूबाईचं हे बोलणं आमच्या वाडीत इतकं रुळलं होतं की शेवटी शेवटी त्याचा विजेच्या खांबाशी काही संबंधच राहिला नव्हता. कुणी विहिरीवर रहाट धडाधड सोडला, कुणी एसटीच्या दारात म्हाताऱ्या माणसाला रेटलं, कुणी सुनेवर उगाच तोंड टाकलं, की सोनूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि हे वाक्य टाकायची. ज्याला म्हणायची त्याला राग यायचा. पण हात मात्र सैल व्हायचा. रहाट हळू सुटायचा, रेटणारा मागे सरायचा.

आमची वाडी पालीच्या आत, घाटी उतरून गेल्यावर लागते. कातळ संपतो, पोफळी सुरू होतात, आणि त्या पोफळींच्या सावलीत आमची घरं बसलेली आहेत. विजेची लाइन आमच्याकडे येते ती साऱ्या गावाला वाटून उरलेली. शेवटचा खांब पोंक्ष्यांच्या आगराच्या कोपऱ्यावर. त्याच्या पुढे लाइन नाही, फक्त वहाळ आणि वहाळापलीकडचं रान. पावसात कुठे एक फांदी मोडली तरी आधी आमचा अंधार व्हायचा आणि उजेड सगळ्यांच्या मागून यायचा. ऐंशीच्या त्या सालांत आम्ही लाइट आली की बोलायचो, गेली की बोलत नव्हतो. जाणारच होती, त्यात बोलायचं काय?

सोनूबाईचा घरवाला भागोजी मुंबईला गोदीत. वर्षातून शिमग्याला नाहीतर गणपतीला यायचा, चार दिवस पडवीत बसून पान खायचा, आणि परत जायचा. शेत, दोन बैल, परसातली मिरची आणि एकुलता एक रघू, हे सगळं सोनूबाईनं एकटीनं ओढलं. बाई ठेंगणी, काळीसावळी, आवाज असा की घाटीवरून हाक मारली तर वहाळातली गुरं मान वर करत. चालायची भरभर, बोलायची सावकाश. पोराला मारायची क्वचित. तो चुलीत हात घालायला गेला, सापाच्या बिळात हात घालायला गेला, की नुसतं ओरडायची, “हात!” एवढा एकच शब्द. आणि रघूचा हात जागच्या जागी थांबायचा.

हा रघू मोठा झाला आणि वीज मंडळात लागला. आधी हेल्पर, मग लाइनमन. खाकी शर्ट, कमरेला जाड पट्टा, खांद्यावर दोर. पहिल्यांदा तो वर्दीत वाडीत आला तेव्हा सोनूबाई आत गेली, तांदळाची भाकरी थापायला बसली, आणि थापता थापता रडली असं शेजारची हौसा सांगते. त्या दसऱ्याला लोकांनी नांगर पुजले, कोयत्या पुजल्या. सोनूबाईनं पोंक्ष्यांच्या कोपऱ्यावरच्या लोखंडी खांबाला झेंडूची माळ घातली आणि पायथ्याशी नारळ फोडला. महिपत गिरणीवाला म्हणाला, “काय गो सोनू, खांबाला नवस बोललीस काय?”

“बोललंय. तुज्या गिरनीची लाइट जाऊं दे, मंजे तुजी जीब जरा गप ऱ्हाईल.”

मग वाडीत मशीनं आली, वीज करणारी.

पहिलं महिपतनं आणलं, भाताच्या गिरणीसाठी. दुसरं बाबल्यानं. तो लग्नात आणि नमनखेळ्यांत मांडव आणि भोंगे भाड्यानं द्यायचा. तिसरं आणलं अण्णा पोंक्ष्यांनी, कारण आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला संध्याकाळी उजेड लागे. रॉकेलवर चालणारं, दोन माणसांनी उचलावं एवढं यंत्र. दोरी ओढली की फटफट सुरू व्हायचं आणि साऱ्या वाडीला कळायचं की कुणाच्या घरी आता बल्ब लागला आहे. आम्हाला त्या आवाजाचं कौतुक होतं. पोरं तर तो आवाज तोंडानं काढत फिरायची.

सोनूबाईलाही कौतुक होतं. पण एका संध्याकाळी रघू घरी आला आणि न जेवता पडवीत बसला. दूरच्या एका गावात त्याच्यासारखाच एक लाइनमन खांबावर गेला होता. लाइट बंद होती, बंद असल्याची खात्री केली होती. खाली एका घरात मशीन सुरू झालं. त्या घरच्यांनी मशीनची वायर भिंतीतल्या प्लगला लावली होती, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर, आणि मेन बंद करायचा राहून गेला होता. मशीनची वीज घरात फिरली, मीटरातून उलटी निघाली आणि तारेवरून त्या माणसापर्यंत पोहोचली. त्याचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं.

रघूनं एवढं सांगितलं आणि भाकरी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई चालत पालीच्या बाजारात गेली. तिथे गंगाराम वायरमनचं दुकान. दुकान कसलं, एक फळी आणि वर टांगलेली वायरची भेंडोळी. वाडीतल्या बहुतेक घरांची फिटिंग त्यानंच केलेली.

“गंगाराम, मशीन घरात आनि मरन खांबावर, ह्ये कसं ता मला सांग.”

गंगारामनं स्टूल पुढे केलं. “बसा काकी. तुमच्या परसात पाट हाय ना?”

“हाय की.”

“वहाळाचं पानी पाटानं वाफ्यात येतं. चैतात ता आटलं की तुमी रहाटाचं पानी सोडता. सोडायच्या आदी काय करता?”

“वहाळाकडचं तोंड चिखलानं बुजवतंय.”

“कनाला?”

“कनाला मंजे? नायतर मी हितं कमर मोडून रहाट वडतंय, नि माजं पानी उलटं वहाळात जातंय.”

“झालं,” गंगाराम म्हणाला. “मशीनची लाइट तशीच. खांबाकडचं तोंड बुजवलं नाय तर ती उलटी लाइनीवर जाते. आनि डीपीतून, त्या ट्रान्सफॉर्मरातून, पलीकडं गेली तर ती घरातली लाइट ऱ्हात नाय, मोठ्या लाइनीची होते.”

मग गंगारामनं तिला एक लोखंडी पेटी दाखवली. तिला चेंजओव्हर म्हणतात. बाहेरून एक दांडा. दांडा वर केला की घर खांबाचं. खाली केला की घर मशीनचं. मध्ये ठेवला की कुणाचंच नाही. एकाच वेळी दोन्हीकडे लागायची सोयच नाही. मशीन ठेवायचं ते बाहेर, उघड्यावर, कारण त्याचा धूर घरात साठला तर माणसं झोपेतच जातात. मशीनची वायर या पेटीतच यायची, प्लगात कधीच नाही. आणि पेटी बसवायची जाणत्यानं.

“मग समद्यांकडं बसव,” सोनूबाई म्हणाली.

“लोकांनी बसवून घेतली तर ना, काकी!”

लोकांनी बसवून घेतली. कशी घेतली ते महिपतला विचारा. आठवडाभर सोनूबाई रोज सकाळी त्याच्या गिरणीच्या दारात येऊन बसायची. दळायला काही आणायची नाही, नुसती बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “महिपतच्या मशीनीला दोन तोंडांची वायर हाय हो. माजा रगू त्याच खांबावर चडतो.” आठवड्यानंतर महिपतनं गंगारामला बोलावणं धाडलं. बाबल्या तर ती आपल्या दाराकडे वळलेली पाहूनच पालीला पळाला. अण्णा पोंक्षे जाणते गृहस्थ, त्यांनी आधीच उन्हाळ्यात पेटी बसवून घेतली होती, आणि मशीन गोठ्यामागे पत्र्याच्या छपराखाली ठेवलं होतं.

एवढ्यानं भागलं असतं तर ती सोनूबाई कसली?

“दांडा मानसाच्या हातात,” ती म्हणायची, “आनि मानूस इसरतो.”

म्हणून तिनं आपली रीत काढली. लाइन दुरुस्त करायला रघू वाडीत आला की तो आधी डीपीवर जाऊन फ्यूज काढायचा, मग शेवटच्या खांबाखाली येऊन आईची वाट बघायचा. सोनूबाई निघायची ती मशीनवाल्यांच्या घरी. मीटरशेजारी पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज असतो, त्यातूनच घर खांबाला जोडलेलं असतं. तो ती स्वतःच्या हातानं ओढून काढायची आणि लुगड्याच्या ओच्यात टाकायची. आता त्या घरात कुणी दांडा वर करो की खाली, खांबाकडे जायची वाटच उरली नाही. मग ओचा दोन्ही हातांनी धरून ती खांबाखाली यायची, आतले फ्यूज रघूला दाखवायची आणि म्हणायची, “चड.” काम होऊन तो खाली उतरेपर्यंत ती तिथेच चिऱ्याच्या गडग्यावर बसून राहायची. मग ज्याचा त्याला फ्यूज परत. कुणाचा कोणता हे ती टवक्यांवरून ओळखायची.

लोक हसायचे, नाही असं नाही. महिपत तर तिला बघितलं की म्हणायचा, “काय गो, फ्यूजांचं कालवण करतंस काय घरी?”

“करतंय. ये पंगतीला, तुला दोन जास्ती वाडतंय.”

रघूलाही लाज वाटायची. बरोबरचे लाइनमन त्याला चिडवत, की ह्याची आई टिफिनबरोबर फ्यूज घेऊन येते. एकदा तो म्हणाला, “आये, मानसं हसतात गो मला.”

“हसूं देत. हसतात ती जित्ती असतात.”

रघू खाली वाट बघत राहायचा आणि ओचा दाखवला की चढायचा.

आता पोंक्ष्यांच्या गणपतीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

अण्णा पोंक्षे म्हणजे दत्तात्रेय, थोरले. तात्या म्हणजे चिंतामणी, धाकटे. वाटण्या होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तात्यांनी शेजारीच, आगराच्या त्या अंगाला, आपलं घर बांधलं. चुली वेगळ्या, मीटर वेगळे, आंब्याची झाडंसुद्धा चुन्याच्या पट्ट्यांनी वेगळी. पण गणपती एक. आमच्याकडे घरं कितीही फुटली तरी गणपती मूळ घरातच येतो. भाद्रपदात तात्या, त्यांची बायको उमावहिनी आणि पोरं अण्णांकडेच जेवायला, अण्णांकडेच आरतीला. नैवेद्याचा नारळ एकाचा, तर गूळ दुसऱ्याचा. फुलं एकाची, तर दूर्वा दुसऱ्याच्या. सगळं अर्धं अर्धं, आणि त्यात कुणी कुणाला मागे सरू देत नसे.

वाडीत लाइट आली तेव्हा प्रश्न पडला की मखरात दिव्यांची माळ लावायची ती कुणाच्या मीटरवर? अण्णा म्हणाले, घर माझं. तात्या म्हणाले, देव दोघांचा. शेवटी तात्यांनी आपल्या घरातून एक वायर कौलांवरून ओढून आणली आणि ती मखराच्या पाटीवर जोडली. पाटीवर दोन खटके झाले. एक अण्णांचा, एक तात्यांचा. आरती सुरू व्हायच्या आधी दोघे भाऊ मखराच्या दोन अंगांना उभे राहायचे आणि एकदम खटके दाबायचे. माळ तीच, उजेड तेवढाच, पण त्यात दोघांची लाइट आहे या समाधानानं दोघांचे चेहरे उजळायचे. ते बघायलाच आम्ही लवकर जात असू. दोन्ही घरांना वीज एकाच तारेवरून यायची, म्हणून कधी ठिणगी उडाली नाही की काही झालं नाही. विसर्जन झालं की मखर माळ्यावर आणि तात्यांची वायर गुंडाळून फडताळात. गंगारामनं अण्णांकडे पेटी बसवली ती उन्हाळ्यात. त्याच्या नजरेला ती वायर पडलीच नव्हती. आणि तात्यांकडे मशीन नव्हतं, म्हणून सोनूबाईच्या फेरीत ते घर नव्हतं.

त्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी वारं सुटलं. दुपारी आगराच्या वरची किंजळीची फांदी लाइनीवर आली आणि शेवटच्या खांबाच्या अलीकडे तार तुटली. अण्णांनी मशीन सुरू करून पेटीचा दांडा खाली केला. त्यांच्या घरी लाइट, बाकी वाडी अंधारात. दिवस कलताना रघू आला. सणाचा दिवस, त्याचंही घर गणपतीचं, पण आला. डीपीवर फ्यूज काढले, तुटलेल्या तारेच्या डीपीकडच्या बाजूला जमिनीशी जोडलेली साखळी टाकली. घरांकडच्या बाजूला टाकली नाही. तिकडे फक्त पोंक्ष्यांची दोन घरं, तिकडून काय येणार, असं त्याला वाटलं.

सोनूबाई आपली फेरी करून आली. अण्णांचा फ्यूज, महिपतचा, बाबल्याचा. ओचा दाखवला. “चड,” म्हणाली. रघूनं वर जाऊन टेस्टर दिव्यानं तारा तपासल्या. मेलेल्या. त्यानं पट्टा खांबाला अडकवला आणि कामाला लागला. सोनूबाई गडग्यावर बसली.

इकडे अण्णांच्या पडवीत आम्ही जमलो होतो. मी झांजा घेऊन दाराशीच होतो. माजघरात मखर, पुढे समई, धुपाचा वास. अण्णा एका अंगाला, तात्या दुसऱ्या अंगाला. मशीन मागे फटफटत होतं. अण्णांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान हलवली, आणि खट्, दोन्ही खटके एकदम दाबले गेले. माळ लागली. आम्ही झांजा उचलल्या.

त्याच क्षणी तात्यांच्या रिकाम्या घराच्या पडवीतला बल्ब पेटला.

आमच्यातल्या कुणीतरी तो पाहिला आणि म्हणाला, “बघा तात्या, बाप्पानं तुमच्या घरी पण लाइट धाडली!” तात्या हसले. आणि आरती सुरू झाली.

गडग्यावरून सोनूबाईलाही तो बल्ब दिसला. त्या घरात मशीन नाही. खांबाची लाइट अजून आली नाही. मग हे पाणी कुठल्या पाटानं आलं? रघू पुढे आम्हाला सांगायचा, की तो तुटलेल्या तारेच्या टोकाला हात घालणार, बोटं आणि तार यांच्यात वीतभर अंतर, आणि खालून आवाज आला.

“हात!”

लहानपणापासून अंगात मुरलेला शब्द. हात मागे आला. खाली बघतो तर आई तात्यांच्या घराकडे बोट दाखवते आहे. त्याला कळलं. त्यानं दोन्ही हात छातीशी घेतले. उतरावं तर तुटलेल्या तारेचं एक टोक वाऱ्यानं हलत त्याच्या पायांशी येत होतं. खांब लोखंडी. तो पट्ट्यावर टेकून जागच्या जागी राहिला.

सोनूबाई धावली. पडवीत आली तेव्हा आरतीचा असा गजर चालला होता की तिचं ओरडणं कुणाच्या कानावर जाईना. मी तिला पाहिलं, मला वाटलं ही आरतीलाच आली. पाय चिखलानं भरलेले, ओचा एका हातात घट्ट. मग तिनं कुणालाही हाक मारली नाही. सरळ भिंतीवरच्या पेटीपाशी गेली आणि दांडा ओढून मध्ये आणला.

घर काळोखात गेलं. मशीन मागे रिकाम्या पोटानं ओरडत राहिलं. झांजा थांबल्या. मखरापुढे फक्त समई जळत होती.

“कोण ते? कुणी बंद केलं?” आतून अण्णांचा आवाज.

अण्णांचा गडी रामा दाराशीच होता. तो दांड्याकडे हात नेऊ लागला. सोनूबाईनं पेटीला पाठ लावली.

“हात लाव, रामा. हात लावच, मंग बग.”

“अगो पन आरती चालू हाय!”

“रगू वर हाय. तार जित्ती हाय. कुनी दांड्याला हात लावलात तर माजा पोर मेला.”

अण्णा बाहेर आले. सोवळ्यात, हातात निरांजन. “सोनूबाई, माझा फ्यूज तर तुझ्याच ओच्यात आहे ना?”

“तुमचा हाय. तात्यांचा नाय. तुमची मशीन तात्यांच्या घरी गेली नि तितून खांबावर. मखरात काय केलंत तुमी?”

अण्णांनी मागे वळून पाहिलं. तात्या त्यांच्या पाठीशी उभे होते. दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. आणि लक्षात आल्यावर त्या दोघांनी काय करावं? सवयीनं वाद घालायला सुरुवात केली!

“तात्या, तुझा खटका बंद कर.”

“माझाच का? देवाला माझी लाइट नको झाली का?”

“अरे, मशीन माझं आहे, म्हणून—”

“मशीन तुमचं, घर तुमचं, आता देवही तुमचाच म्हणा!”

“अवो, भांडा मागनं!” सोनूबाई ओरडली. तिचा आवाज फाटला होता. “वर पोर हाय माजा!”

पण तिची अडचण मला दिसत होती. ती पेटीसमोरून हलली तर एवढ्या अंधारात, एवढ्या माणसांत, कुणीही दांडा खाली करील. आणि ती हलली नाही तर रघूला कोण सांगणार, की तार आता मेली आहे, ये खाली? दुसऱ्या कुणाच्या शब्दावर तो तारेच्या अंगावरून उतरला नसता. आईनंच शिकवलं होतं त्याला तसं. बाई त्या पेटीला टेकून उभी, पाठीनं दांडा धरून, आणि डोळे बाहेर, आगराच्या कोपऱ्याकडे.

तेवढ्यात कुणाच्या लक्षातही न येता उमावहिनी मागच्या दारानं निघून गेल्या होत्या.

आल्या त्या आगरातून, अनवाणी, जरीच्या लुगड्याचे काठ चिखलात. त्यांनी कधी स्वतःच्या हातानं फ्यूज काढला नसेल. हातात तो पांढरा तुकडा असा धरला होता जसा विंचू धरावा. सोनूबाईच्या समोर आल्या आणि तिच्या ओच्यात तो टाकला.

“हा आमचा,” त्या म्हणाल्या. “आणि खटकाही हे बंद करतील. आता आमच्या घरातून काही जात नाही. जा तू रघूकडे. मी उभी राहते इथे. कुणी हात लावलान तर मी आहे.”

सोनूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. “वयनी, नक्की हालनार नाय ना?”

“नाही हलत.”

“आरती झाली तरी?”

“प्रसाद वाटला तरी.”

सोनूबाई बाजूला झाली आणि उमावहिनी पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या, जरीच्या लुगड्यात, हात मागे घेऊन. तात्यांनी बायकोकडे पाहिलं. मग ते आत गेले, आपला खटका वर केला, आणि वायर मखराच्या पाटीतून सोडवू लागले. चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांची त्यांची लाइट होती ती.

अण्णांनीही आपला खटका बंद केला.

“ह्या वर्षी समईवरच,” ते म्हणाले. “तात्या, तुझ्या घरची समई आण. दोन समया असू देत. एक इकडे, एक तिकडे.”

“तेल कुणाचं?” तात्यांनी विचारलं.

“अर्धं अर्धं.”

तात्या हसले. त्या अंधारात दिसलं नाही, पण ऐकू आलं.

सोनूबाईनं हे ऐकलं की नाही कोण जाणे. ती पायऱ्या उतरून अंगणात गेली होती. संध्याकाळ अजून पुरती विझली नव्हती. पावसाचे थेंब पोफळीच्या झावळ्यांवरून उतरत होते. ओचा जड झालेला, दोन्ही हातांनी तो पोटाशी धरून ती आगराच्या पायवाटेनं खांबाकडे चालली. आता ती धावत नव्हती. चिखल होता, आणि तिला पडून चालणार नव्हतं. आम्ही पडवीच्या कठड्याशी येऊन उभे राहिलो, झांजा हातातच. महिपत होता, रामा होता, हौसा होती. आज कुणी हसत नव्हतं. पेटीला टेकलेल्या उमावहिनींना तिथून आगर दिसत नव्हतं, म्हणून त्या सारख्या विचारत होत्या, “पोचली का? पोचली का गं हौसा?”

“जाताय,” हौसा सांगत होती. “जाताय, वयनी. गडग्यापाशी गेली.”

खांबावर रघू हात छातीशी घेऊन बसला होता आणि खालून येणाऱ्या आईकडे बघत होता.